निवळी लाल झाली त्याची हकिगत

सोलापूर,
शिवरात्रीनंतरचा गुरुवार, १९७३

ती. सिद्रामअण्णा यांच्या पायांशी,

धाकटा मामेभाऊ शंकरप्पा याचा वाकून नमस्कार. सिद्धरामेश्वराच्या कृपेनं इकडे सगळे बरे आहेत. आपल्या गुडघ्याचं दुखणं आता कसं आहे? एरंडेल चोळणं चालू ठेवावं, मात्र चोळून झाल्याबरोबर सायकलवर बसू नये. (मागच्या खेपेला आपला पाय पायडलवरून घसरला तो दुखण्यामुळे नव्हे, तेलामुळे, असं बसव्वावहिनी म्हणत होत्या. मी तेव्हा आपल्यासमोर मान हलवली नाही, पण मला त्यांचंच पटलं होतं.) अकलूजला कालव्यामुळे दुष्काळाची झळ कमी असेल. इथे नळाला दिवसाआड पाणी येतं, तेही आल्यासारखं करून जातं. चन्नम्मानं आपल्यासाठी शेंगांची चटणी करून ठेवली आहे. आपण येणारच आहात तेव्हा घेऊन जावी. आपण कशासाठी येणार आहात ते मला ठाऊक आहे, पण त्याविषयी या पत्रात मी काहीही मागणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

हे पत्र सकाळी पूजा आटोपून लिहायला बसलो, एवढ्यात दोनदा उठून अंगणात फेऱ्या घालून आलो. गेल्या आठवड्यापासून असंच चाललं आहे. लिंगपूजेला बसतो तेव्हासुद्धा डोळ्यांपुढे काचेची बरणी येते. चन्नम्मा म्हणते, एकदा अण्णांना लिहून टाका म्हणजे अन्न तरी गोड लागेल. तेव्हा लिहितो. लांबेल, पण आपण मुख्याध्यापक आहात, लांबलेलं वाचायची आपल्याला सवय असेल.

आपणांस माहीत आहे की मी अध्यापक विद्यालयात विज्ञानाची अध्यापनपद्धती शिकवतो, म्हणजे जे उद्या गुरुजी आणि बाई होणार त्यांना विज्ञान कसं शिकवावं ते सांगतो. दिवाळीआधी वरून एक प्रश्नावली आली. छात्राध्यापकांची प्रयोगांविषयी वृत्ती काय आहे, ते तपासा. वीस विधानं होती, प्रत्येकापुढे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत घरं. आमच्या मुलामुलींनी सगळ्या विधानांपुढे ‘पूर्ण सहमत’ अशी खूण केली. प्रयोगाशिवाय विज्ञान शिकवता येत नाही, पूर्ण सहमत. प्रयोगात वेळ फुकट जातो, तेही पूर्ण सहमत. (लोक सगळंच मान्य करत सुटतात का, हे पकडायला अशी दोन-चार उलटी विधानं मुद्दाम घातलेली असतात.) मी ते प्राचार्यांच्या नजरेला आणलं. ते म्हणाले, शंकरप्पा, याचा अर्थ आपली मुलं दोन्ही बाजूंनी विचार करतात. आणि त्यांनी वर कळवलं की आमच्या विद्यालयात प्रयोगांविषयी अत्यंत अनुकूल वृत्ती आढळली.

वृत्ती अनुकूल आहे यात खोटं काहीच नाही, अण्णा. देवळावरून सायकलनं जाताना माणूस हँडलवरचा एक हात काढून छातीला लावतो की नाही? श्रद्धा असते, उतरायला मात्र सवड नसते. तशी आमची मुलं प्रयोगाला नमस्कार करून पुढे जातात. हिंदुराव म्हणून एक छात्राध्यापक आहे, अंगानं धिप्पाड, आवाज असा की शेजारच्या वर्गालाही शिकवून होईल. त्याचा पाठ बघायला मी बसलो होतो. टेबलावर बरणी, पाणी, मेणबत्ती सगळं मांडलेलं, आणि हा त्या सगळ्याकडे पाठ करून फळ्यावर चित्र काढून सांगतो, समजा ही बरणी, समजा हिच्यात पाणी, समजा मेणबत्ती विझली. पाठ संपल्यावर मी विचारलं, अरे, खरी बरणी मागे होती की. तर म्हणाला, “सर, ती हातात घेतली आन फुटली तर? समजा फुटत न्हाय की!”  

आणि सराव शाळेतली पोरं! त्या बिचाऱ्यांवर वर्षानुवर्षं आमच्या विद्यालयाचे नवशिके गुरुजी सोडले जातात, त्यामुळे पाठ कसा घ्यायचा हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळतं. एखादा छात्राध्यापक घाबरून थांबला तर पहिल्या बाकावरून हळूच आवाज येतो, सर, आता तुम्ही ‘तुम्हांला काय दिसले’ असं विचारायचं. विचारलं की सगळा वर्ग एका सुरात उत्तर देतो. मेणबत्ती पेटवायच्या आधीच ती का विझली ते सांगून मोकळे होतात. आपल्या मैंदर्गीच्या शाळेत साधनं म्हणून एक फळा नि एक छडी, पण पाऊस पडला की मास्तर आपल्याला ओढ्यावर नेऊन गाळ कसा साचतो ते दाखवायचे. आपण तेव्हा चौथीत होता, मी बिगरीत. आपण मला गाळात ढकललं होतं, ते निरीक्षण माझ्या अजून लक्षात आहे.

असो. तर आमची अनुकूल वृत्ती वर पोचली आणि जानेवारीत तिचं फळ खाली आलं. आदेश असा की, ज्या विद्यालयात प्रयोगांविषयी इतकी आस्था आहे तिथे या वर्षी विज्ञानाच्या प्रत्येक परीक्षापाठात प्रत्यक्ष प्रयोग झालाच पाहिजे आणि तो मुलांच्या हातून झाला पाहिजे. समजा चालणार नाही. सगळे छात्राध्यापक माझ्या अंगावर धावून आले, जणू घरांत खुणा मीच केल्या होत्या. एकजण तर मला विचारू लागला की, सर, आता असहमत होता येईल का?

आता बरणीविषयी. आमच्या विज्ञानाच्या कपाटात धड म्हणावी अशी एकच उभी काचेची बरणी आहे. किल्ली प्राचार्यांच्या कमरेला. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, कपाट उघडून साधनांची पूजा होते आणि ती करण्याचा मान माझा. तराजू, भिंग, तिवई सगळं मांडून हळदकुंकू वाहायचं. कलश म्हणून दरवर्षी तांब्याचा गडवा असतो. यंदा तो कुणीतरी घरी नेलेला, म्हणून मी ती बरणी घेतली, तीत हळदीचं पाणी केलं, वर आंब्याची पानं ठेवली. फार शोभली, अण्णा. आरपार पिवळं दिसत होतं. पूजा झाल्यावर पाणी झाडाला घातलं, आणि बरणी धुवायची ती धुतली नाही. या वर्षी जो तो भांडं पुसून ठेवतो, कारण पाणीच नाही. मीही फडक्यानं पुसली. फडकं तळापर्यंत पोचलं नाही. तळाशी हळद वाळून बसली ती तशीच कपाटात गेली.

विजयमाला ही सांगोल्याकडची मुलगी. तिच्या गावात ती दोन वर्षं कच्च्या नोकरीवर बाई होती, म्हणजे प्रशिक्षण नसलेली. नवा हुकूम असा की असे जे कोणी या वर्षी पास होणार नाहीत त्यांना परत घेणार नाहीत. तिचे वडील नाहीत. आई, मथुराबाई, दुष्काळी कामावर खडी फोडते. विजयमाला नापास झाली तर तिला घमेलं घेऊन आईच्या शेजारी बसावं लागेल. हे तिनं मला सांगितलं तेव्हा आवाजात रडणं नव्हतं, वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. मुलगी बोलायला कमी, पण जे बघते ते नीट बघते. प्रश्नावलीत तिनं एकटीनं शेवटच्या विधानासमोर खूण केली नव्हती. विधान होतं, ‘मला प्रयोग करून दाखवता येतो.’ मी कारण विचारलं, तर म्हणाली, “अजून केला न्हाय, सर. केल्यावर सांगते.” (वर पाठवताना प्राचार्यांनी ती खूण स्वतः करून टाकली.)

तिनं पाठाला घेतला श्वासाचा प्रयोग. पानाच्या चुन्यात पाणी घालून, गाळ खाली बसू दिला की वर स्वच्छ पाणी राहतं, ती चुन्याची निवळी. नळीतून तिच्यात तोंडानं फुंकलं की ती दुधाळ होते आणि आपल्या उच्छ्वासात कर्बवायू असतो हे कळतं. नळी म्हणून पपईच्या पानाचा देठ. खर्च नाही, पाणी थोडं, मला पाठ फार आवडला. निवळी तिनं खोलीवरून बाटलीत आणली. बरणी प्राचार्यांनी घंटा होताना काढून दिली (आधी दिली तर आधी फुटेल, असं त्यांचं मत), त्यामुळे आत बघायला सवड नव्हती. प्राचार्य आणि मी मागच्या बाकावर बसलो.

विजयमालेनं निवळी बरणीत ओतली आणि बरणी लाल झाली.

अण्णा, हळदीला चुना लागला की कुंकवासारखं लाल होतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही त्याच क्षणी कळलं, आणि बरणी कुणी पुजली होती तेही आठवलं. पण पाठ चालू असताना मागे बसलेल्यानं तोंड उघडायचं नाही हा नियम आहे, आणि तो गेली बारा वर्षं मीच शिकवतो. मी सदऱ्यावरून गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून बसलो. देवाकडे काही मागितलं नाही. मला वाटतं देवही अशा वेळी पाठ निरीक्षकासारखा असतो, मागे बसतो आणि बोलत नाही.

विजयमालेनं सवयीनं पाठाच्या टाचणातला प्रश्न विचारला, की निवळी कशी दिसते? आणि लालभडक बरणीकडे बघत साऱ्या वर्गानं एका सुरात उत्तर दिलं, “रंगहीन!” एकाही पोराची पापणी लवली नाही. माझ्या शेजारी प्राचार्यांनी समाधानानं पेन्सिल टेकवली.  विजयमालेनं मात्र बरणी उचलून उजेडाला धरली. मग टाचण टेबलावर पालथं ठेवलं आणि पुस्तकी भाषा सोडून म्हणाली, “न्हाय. नीट बघा. कसला रंग हाय?”  पद्मशाळी घरातली अक्कम्मा नावाची एक मुलगी आहे, तिनं हात वर केला आणि अगदी प्रामाणिकपणे विचारलं, “बाई, खरं सांगू का पुस्तकातलं सांगू?”

मी हे वाक्य तेव्हापासून मनात घोळवतो आहे. बारा वर्षं मी शिक्षक घडवले, त्यांनी किती पोरं घडवली असतील, आणि त्या सगळ्यांचा मिळून एवढाच प्रश्न.

“डोळ्याला दिसतं ते सांग.” “मग लाल.” आणि मग बांध फुटला. कोणी म्हणे रक्त, कोणी म्हणे कुंकू, कोणी म्हणे बाईंनी जादू केली. का झालं बाई, असं विचारलं तर विजयमालेनं सरळ सांगितलं, मला माहीत नाही, आपण बघू या. (प्राचार्यांनी इथे पेन्सिलीनं काहीतरी ठळक लिहिलं.) तिनं बाटलीतली उरलेली निवळी एका डब्याच्या झाकणात ओतली, ती स्वच्छच राहिली. म्हणजे दोष निवळीत नाही, बरणीत आहे. मग काडीनं तळ खरवडला, तर काडीला कडेला पिवळं लागलं. वास घेतला. पोरांनी वास घेतला. “हळद की ओ बाई!” पण ती तिथे थांबली नाही, खात्री कशी करायची म्हणून विचारलं. तेव्हा मडिवाळप्पा नावाचं एक पोर पुढे आलं. आदल्या दिवशी पडलं होतं, गुडघ्याला आईनं हळद भरून चिंधी बांधली होती. त्यानं ती चिंधी सोडून टेबलावर ठेवली, शौर्यपदक ठेवावं तशी. विजयमालेनं तिच्यावर निवळीचा थेंब टाकला. लाल झालं ते बघून मडिवाळप्पा आधी आपल्याच गुडघ्याकडे बघून ओरडला, मग हसला, आणि मग सगळा वर्ग हसला. मीही हसलो, मागे बसून हसायचं नसतं तरी.

आता फुंकून बघू, काय होईल, असं तिनं विचारलं, आणि अण्णा, पहिल्यांदाच त्या वर्गाला उत्तर माहीत नव्हतं. पोरं रांग लावून एकेक फुंकू लागली. गाल फुगवून, डोळे बाहेर येईतो. बराच वेळ काही नाही. मग लाल रंग विटू लागला, गढूळ झाला, आणि शेवटी पिवळट दुधाळ पाणी उरलं. उच्छ्वासानं चुना मारला आणि हळद पुन्हा हळद झाली. मी हे पन्नाशीला येईतो कधी पाहिलं नव्हतं. तास संपल्याची घंटा झाली, कोणी उठलं नाही. दाराशी पुढच्या पाठाचा छात्राध्यापक तक्ता घेऊन उभा होता, तोही आत येऊन फुंकून गेला.

प्राचार्यांनी तिला नापास केलं. त्यांचे शेरे असे: अपेक्षित निष्कर्ष आला नाही. मूल्यमापनाचे प्रश्न विचारलेच नाहीत. वर्गात हसणे झाले. ‘मला माहीत नाही’ असे शिक्षिकेने वर्गासमोर म्हटले. मी त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं की बरणीचा दोष माझा आहे, खंडेनवमीचा आहे, मुलीचा नाही. आणि पाठ म्हणाल तर असा पाठ या इमारतीत झालेला नाही. ते शांतपणे म्हणाले, “शंकरप्पा, पाठ छान होता. पण उद्या प्रत्येकजण माहीत नाही म्हणायला लागला, तर शाळा चालायच्या कशा?” अण्णा, ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांना खरोखरच ही काळजी आहे. मला उलटी काळजी आहे, आणि दोघांनाही रात्री झोप नाही.

तिला फेरपाठ मिळाला आहे. तो बाहेरच्या परीक्षकासमोर होईल आणि त्याचा निकाल अखेरचा. बाहेरचे परीक्षक कोण, ते आपणांस टपालानं कळलंच असेल. आपलं नातं मी प्राचार्यांना सांगून टाकलं आहे. ते म्हणाले, हरकत नाही, फार कडक आहेत असं ऐकून आहे. तेव्हा निर्धास्त या. मी वर लिहिल्याप्रमाणे काहीही मागत नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
शंकरप्पा

ता. क. गुण मागत नाही म्हणून लिहिलं ते खरं आहे. काहीच मागत नाही म्हणून लिहिलं ते तितकंसं खरं नाही. पाठात ती कदाचित पुन्हा ‘मला माहीत नाही’ म्हणेल. तिला मी ते टाळायला सांगून पाहिलं, तिनं ऐकून घेतलं आणि “बरं सर” म्हणाली, म्हणजे ऐकणार नाही. ती तसं म्हणाली की आपण लगेच कानावरची पेन्सिल काढू नये. तिच्या पुढच्या वाक्यापर्यंत थांबावं. एवढंच.

ता. क. दुसरा. वरचं लिहून पाकीट चिकटवणार होतो, तेवढ्यात विद्यालयात जाऊन आलो. लाल निवळी शंकरप्पा सरांना पसंत पडली, अशी बातमी छात्राध्यापकांत पसरली आहे. आज हिंदुरावानं पाठ घेतला. घरच्या एका काचेच्या बरणीला आधीच आतून हळद फासून आणली होती. निवळी ओतली आणि सराव शाळेच्या पोरांनी एका सुरात सांगितलं, “लाल झाली बाई, म्हणजे सर! का ते माहीत नाही, आपण बघू या!” उच्चारासकट पाठ केलं आहे. उरलेल्यांच्या टाचणांतही आता हळद आहे. प्राचार्य खूश आहेत, कारण निष्कर्ष अपेक्षित झाला. विजयमालेनं आता हाच पाठ पुन्हा घेतला तर ती दुसऱ्यांचं बघून करते, असं दिसेल.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच. येताना आपल्याकडून एका बाटलीत काहीतरी घेऊन यावं. उसाचा रस, कारखान्याची मळी, विहिरीचं पाणी, वहिनींच्या चुलीच्या राखेचं पाणी, काहीही. पाठाच्या वेळी ते टेबलावर ठेवून तिला म्हणावं, हे काय आहे ते पोरांकडून शोधून घ्या. इतर कोणा छात्राध्यापकाबद्दल असं सुचवायची माझी हिंमत झाली नसती, तिच्याबद्दल होते आहे. पण बाटलीत काय आहे ते आपण मला सांगू नये, आणि बाटलीवर चिठ्ठीही लावू नये. मला कळलं तर मी तिला सांगेन. आज सकाळपासून मी मनाला बजावतो आहे की सांगायचं नाही, आणि सकाळपासून मला पक्कं ठाऊक आहे की सांगेन.